फिरलेले वासे

भिवंडीत लाकडाच्या वखारीत शिरलं की आधी वास येतो आणि मग भाव कळतो. सागाचा वास तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा. पाइनचा राळेचा, जरासा दवाखान्यातला. पायाखाली भुसा दबत असतो, आऱ्याचा सूर चढत असतो, आणि त्या सुरावर ओरडून कुणीतरी घनफुटांचा हिशेब सांगत असतं. इथे लाकडाला झाडाच्या नावानं हाक मारत नाहीत, गावाच्या नावानं मारतात. सीपी, बल्लारशा, वलसाडी, बर्मा, घाना. ‘बर्मा महाग पडेल, घाना बघा,’ असं माणूस सहज बोलून जातो. मुळात सगळा सागच, पण नांदायला आलेल्या सुनांना माहेरच्या गावावरून ओळखावं तसा हा रिवाज.

या गावांत वाडा नाही, शहापूर नाही, मोखाडा नाही. वास्तविक वखारीच्या फाटकातून निघून अंबाडीवरून वाड्याचा रस्ता धरला, की गोदामं विरळ होत जातात आणि दोन्ही अंगांना रान सुरू होतं. पावसाळ्यात सागाच्या शेंड्यांवर पांढुरका फुलोरा असतो. त्याच्या अधेमधे खवलेदार सालीचे काळपट ऐन उभे असतात, कुणी बघो न बघो. एका वखारीत मी शेठना विचारलं, “आपल्या इकडचं काय मिळेल?” शेठ कच्छी, पण मराठी भिवंडीची. म्हणाले, “इकडचा ऐन भेटेल ना. पण साहेब, त्याचा भरवसा नाय.” हे ते इतक्या सहज बोलले, की ऐनावर गावानं केव्हाच निकाल दिलेला आहे आणि मीच उशिरा पोचलोय असं वाटलं. खटला कधी चालला, साक्षी कुणाच्या झाल्या, ते विचारायला मी मग बऱ्याच ठिकाणी हिंडलो.

लाकडाची पारख भिवंडीला नवी नाही. कामवारीच्या खाडीत एके काळी समुद्रावरची गलबतं येत. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि पाठोपाठ या खाडीच्या काठी लढाऊ गलबतं बांधायला घेतली गेली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते. रुई लैतांव व्हिएगस हा त्यांचा म्होरक्या आणि त्याच्या हाताखाली तीनशेवर माणसं. ही गलबतं उद्या आपल्यावरच येतील हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी ही माणसं हळूच काढून घेतली. कारागीर गेले तरी आरमार थांबलं नाही. पाठीशी शहापूरकडचं, कोळवणचं रान होतं आणि हातोडा धरणारे हात इथेही होते. पुढे १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि वाडियांच्या पिढ्यांनी सागाची जहाजं जगभर पाठवली. त्यांनी १८१७ साली पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. लाकूड मलबारचा साग. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं; सागातलं तेल खिळ्यांना सांभाळतं. दोनशे वर्षं पाण्यात उभं राहण्याचं रहस्य बरंचसं या सांभाळण्यात आहे, ताकदीत नव्हे.

हे लक्षात आलं तेव्हा मला सागाकडे जरा नव्यानं बघावंसं वाटलं. साग म्हणजे बळ, ही आपली पक्की समजूत. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ ची. तिथल्या लाकूड-चाचणी विभागात व्ही. डी. लिमये यांनी अनेक वर्षं देशभरातली लाकडं मोडून बघितली. १९३३ मध्ये त्यांचा भारतीय लाकडांच्या गुणधर्मांवरचा मोठा अहवाल निघाला, १९५४ मध्ये लाकडांची गटवारी आली. त्या परंपरेतल्या तक्त्यांची एक गंमत आहे. त्यांत सागाला प्रत्येक गुणात शंभर मार्क दिलेले असतात आणि बाकीच्या झाडांना सागाशी ताडून. वजन, तुळई म्हणून बळ, खांब म्हणून बळ, धक्का सोसणं, कातरबळ, कठीणपणा, आणि आकार टिकवणं. शंभर हा वर्गातला पहिला नंबर नव्हे, नुसती मोजपट्टी. ऐनाच्या ओळीवर बोट ठेवून पुढे सरकलं की दिसतं, वजनात तो सागाच्या पुढे, कठीणपणात बराच पुढे, तुळईच्या बळात फार मागे नाही. ‘आकार टिकवणं’ या रकान्याशी आलं की ऐन धाडकन खाली येतो. शेठचा ‘भरवसा नाय’ हा नेमका त्या एका रकान्यातला आकडा होता. त्यांनी तक्ता कधी पाहिलेला नव्हता हे मी पैजेवर सांगेन.

म्हणजे सागाची कीर्ती बळाची नाही, स्वभावाची आहे. तो वाळताना फार आक्रसत नाही, पावसात फार फुगत नाही, पिळत नाही, वाळवीला सहसा रुचत नाही. बांधकामाच्या भारतीय मानकात लाकडांचे अ, ब, क असे तीन गट आहेत. लवचीकतेच्या मापात १२,६०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वरचं लाकूड अ गटात. साग त्यात बसत नाही, तो मधल्या गटात आहे. घरंदाज, समंजस, मधल्या गटातला साग. मला तर तो यामुळे जास्तच आवडायला लागला.

लाकडाची चाचणी म्हणजे नेमकं काय, हे बघायला मिळालं ते एका पाडकामामुळे. ओळखीतल्या एका कुटुंबाचा पॉवरलूमचा जुना कारखाना भिवंडीत पाडायला काढला होता. वर मंगलोरी कौलं, सागाच्या कैच्या, आणि त्यांच्यावर ऐनाचे वासे. खाली साचे चालत. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा या टोकाहून त्या टोकाला फेकला जाई, आणि त्या फेकीचा हादरा भिंतींतून वर छपराला पोचे. भिवंडीत राहिलेल्या माणसाला तो आवाज वेगळा सांगावा लागत नाही; तो थांबला की दचकायला होतं. इतकी वर्षं त्या हादऱ्यात उभे असलेले वासे खाली उतरले, तेव्हा पाडकामवाल्यानं सागाच्या कैच्या हिशेबानं मोजून नेल्या आणि ऐनाचे वासे साइझिंगच्या बॉयलरसाठी बाजूला टाकले. सरपणाच्या भावानं त्यांतले काही मी घेतले.

त्यांचे तुकडे कापून घेणं हाच एक सोहळा. मानकाप्रमाणे वाकवण्याच्या चाचणीला तुकडा लागतो पाच बाय पाच सेंटिमीटर जाडीचा आणि पंचाहत्तर सेंटिमीटर लांबीचा. त्यात गाठ नको, भेग नको, नस सरळ हवी. सुतारानं वासा उलटापालटा करून बघितला, अंगठ्याच्या नखानं रेघ ओढून नसेचा कल पाहिला आणि म्हणाला, “असं निर्दोष लाकूड पाहिजे तर देवाकडं मागा.” एका वाशातून जेमतेम एखादा तुकडा निघाला. आऱ्याखाली ऐन ओरडत होता. आत काळपट तपकिरी, गर्द रेघांचा. इतका देखणा, की हे जळणात जाणार होतं याची सुताराला माझ्यापेक्षा जास्त हळहळ वाटली.

एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ओळख काढून मी तुकडे घेऊन गेलो. यंत्र अवाढव्य, एरवी लोखंडी सळ्या ओढणारं. काँक्रीटच्या क्यूबांचा चुरा कोपऱ्यात झाडून ठेवलेला. तिथले सहायक म्हणाले, “इथे क्यूब येतात, सळ्या येतात. लाकूड घेऊन कुणी येत नाही.” मग त्यांनी फार मायेनं तो तुकडा सत्तर सेंटिमीटरवर ठेवलेल्या दोन टेकूंवर आडवा मांडला आणि मधोमध भार उतरवायला सुरुवात केली. अगदी संथ, मिनिटाला अडीच मिलिमीटर. बराच वेळ काहीच होत नाही. काटा चढतो, लाकूड वाकतं आणि सरळ रेषेत वाकत राहतं. भार काढला तर ते निमूट पूर्वपदावर येईल असा हा टप्पा. मग वरच्या अंगाला, भाराच्या खाली, बारीक सुरकुत्या उमटतात. लाकूड ओढलं जाताना जितकं सोसतं तितकं दाबलं जाताना सोसत नाही, म्हणून हार आधी वरच्या बाजूला होते, दिसते मात्र खालच्या. खालच्या अंगाला तडतड सुरू होते, एक नस सुटते, दुसरी सुटते, आणि मग एकदम मोठा आवाज होऊन लांबलचक ढलप्या बाहेर येतात. माझ्या एका तुकड्याच्या ढलप्या हातभर लांब होत्या. दुसरा मात्र खडूसारखा आडवा तुटला, कसलाही इशारा न देता. तो आतून कुजीनं पोखरलेला होता. वरून रंधा मारल्यावर तोच सगळ्यांत सुबक दिसत होता.

सहायकांनी तुटलेल्या टोकाजवळून एक छोटा ठोकळा कापला, वजन केला आणि १०३ अंशांच्या भट्टीत ठेवून दिला. त्यातलं पाणी उडालं की किती टक्के ओल होती ते कळतं. ओल सांगितल्याशिवाय लाकडाच्या ताकदीचा आकडा सांगणं हे वय न सांगता वजन सांगण्यातलं आहे. ओलं लाकूड दुबळं. वाळत वाळत ते तीस टक्क्यांच्या खाली आलं की बळ चढायला लागतं, म्हणून जगभर बारा टक्के ओल धरून आकडे लिहितात. मानकात याच कारणानं एकाच लाकडाला तीन वेगळे आकडे आहेत: घराच्या आतल्या जागेसाठी एक, बाहेरच्यासाठी दुसरा, सततच्या ओलीतल्या जागेसाठी तिसरा. हा तिसरा पहिल्याच्या दोनतृतीयांश. कोकणातलं घर जूनमध्ये पहिल्या रकान्यातून हळूहळू दुसऱ्याकडे सरकतं, हे दारं घासायला लागली की आपल्याला कळतंच.

आमचे आकडे पुस्तकातल्या ऐनाच्या आसपास आले, तो पोखरलेला तुकडा सोडून. मला त्याचा आनंद झाला आणि लगेच थोडी शंकाही आली. कारण तुकडे निवडताना आम्ही सगळ्या वाशांमधली सगळ्यांत गुणी भाग तेवढे उचलले होते. घराला लागतो तो अख्खा वासा, त्याच्या गाठींसकट, तिरप्या नसेसकट, उन्हानं पडलेल्या भेगेसकट. फ्रान्समध्ये ब्युफाँ नावाचा निसर्गवेत्ता होऊन गेला. १७४० च्या सुमाराला राजाच्या आरमारासाठी ओकची पारख करताना त्यानं हीच अडचण ओळखली, आणि लहान काड्यांवर समाधान न मानता प्रचंड तुळया मोडायला सुरुवात केली. लहान तुकड्याच्या हिशेबानं मोठी तुळई जितकं पेलायला हवी तितकं पेलत नाही, असं त्याला आढळलं. आपल्याकडे यावर तोडगा म्हणून लाकडाची प्रत बघतात. गाठी किती, केवढ्या, कुठे, नस किती तिरपी. उत्तम प्रतीला ठरलेल्या ताकदीच्या १.१६ पट, दुय्यम प्रतीला ०.८४ पट. आणि या सगळ्याच्या आधीच, प्रयोगशाळेत साग मोडेपर्यंत जे सोसतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर त्याला घरात काम करायला सांगतात. बाकीचे पाच हिस्से आपल्या अज्ञानासाठी राखून ठेवलेले. विज्ञानाच्या या शालीनतेवर मी खूश आहे.

पण मानकातला माझा सर्वांत आवडता तक्ता वेगळाच आहे, इवलासा. भार किती वेळ राहणार, त्यावर लाकडाची ताकद किती धरायची ते त्यात दिलं आहे. कायमचा भार असेल तर १. दोन महिन्यांचा असेल तर १.१५. सात दिवसांचा असेल तर १.२५. वारा किंवा भूकंप असेल तर १.३३. आणि क्षणाचा धक्का असेल तर २. अमेरिकेत मॅडिसनच्या प्रयोगशाळेत लाकडांवर भार ठेवून नुसतं वाट बघत बसण्याचे प्रयोग झाले, त्यांचं सार असं, की काही मिनिटांत मोडायला जितका भार लागतो त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासचा भार दहा वर्षं ठेवला तर तेच लाकूड मोडतं. लोखंडाला घड्याळाची एवढी फिकीर नसते. लाकूड क्षणभर दुप्पट सोसतं. नेहमीचं, रोजचं, न उतरणारं ओझं त्याला वाकवतं. हा तक्ता वाचताना मला त्या कारखान्याचं छप्पर आठवलं. धोट्यांच्या हादऱ्यांनी वाशांचं काही बिघडलं नव्हतं. पावसाळ्याआधी दर वर्षी वरून चढवलेल्या जादा कौलांनी, पन्हळीच्या डागडुजीला ठेवलेल्या आणि तिथेच राहून गेलेल्या विटांनी, आढ्याची पाठ मधोमध बसली होती.

यंत्र नसताना माणसं काय करत होती? तेच करत होती, फक्त आकड्यांत लिहीत नव्हती. ठाण्याच्या रानात राहणाऱ्यांनी प्रत्येक लाकडाला वेगळा भार वाटून दिला होता. धामणीची फळी वाकते आणि परत सरळ होते, म्हणून धनुष्याला आणि कावडीला धामण. धावडा ठोके सोसतो, म्हणून कुऱ्हाडीचे-कुदळीचे दांडे त्याचे. तिवस चिवट, म्हणून तो बैलगाडीला. चाकाला बाभूळ. जमिनीत पुरायच्या खुंटाला खैर, कारण तो कुजत नाही. शिवण हलकी आणि शांत, तिला दाराच्या फळ्या करून नीट बसवलं. खाली दक्षिण कोकणात घराला किंजळ. आणि ऐन? ऐनाला खांब केलं, मेढ केलं, उभ्याचं काम दिलं. उभ्या लाकडाला पिळायला वाव कमी मिळतो. वारली घराच्या कारवीच्या कुडाला मधला खांब कशाचा घालायचा, हे ठरवणाऱ्या माणसापाशी वाकणं, दाब, धक्का, कातर असे शब्द नव्हते, पण चारी गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुऱ्हाड तर रोजच शिकवत असते: उभ्या नसेवर मारली की ओंडका एका घावात दुभंगतो, आडव्या नसेवर मारली की घाम निघतो.

डेहराडूनलाही असलाच एक रांगडा प्रयोग आहे. साठ सेंटिमीटरचे खुंट घेऊन ते निम्मे जमिनीत पुरून ठेवायचे. मग दर काही महिन्यांनी जायचं, खुंट हलवायचा, कुजला का बघायचं. दहा वर्षं टिकला तर पहिला वर्ग, पाच ते दहा वर्षं टिकला तर दुसरा, त्याआधी गेला तर तिसरा. त्या पटांगणाला शास्त्रज्ञ खुशाल कबरस्तान म्हणतात. इतक्या सरळ प्रयोगाला इतकी वर्षं थांबावं लागतं, हेच मुळात आजच्या काळाला परवडत नाही.

वखारीतला जुना मिस्त्री ओंडक्याच्या एका तोंडावर हातोडीनं टिचकी मारतो आणि दुसऱ्या तोंडाला कान लावतो. टणक आवाज आला तर माल चांगला, भदभद आला तर आत पोकळ. मला हे आधी दाखवण्यापुरतं वाटायचं. पुढे कळलं, की लाकूड न मोडता ताकद जोखण्याची जी आधुनिक यंत्रं आहेत तीही हेच करतात: एका टोकाला ठोका, दुसऱ्या टोकाला आवाज पोचायला किती वेळ लागला ते मोजा. नसेच्या दिशेनं आवाज हवेतल्यापेक्षा दहा-पंधरा पट वेगानं धावतो. त्या वेगाचा वर्ग करून घनतेनं गुणला की लवचीकतेचा अंदाज निघतो. कुजलेल्या जागी आवाज वळसा घेतो, उशिरा पोचतो. मिस्त्रीनं वेग मोजला नाही, पण उशीर त्याच्या कानाला कळतो.

ऐनावरचा आरोप मात्र खोटा नाही, हेही सांगायला हवं. झाडाच्या नसा खोडाभोवती थोड्या पीळ घालत चढलेल्या असतील, तर वाळताना लाकूड त्या पिळाच्या दिशेनं वळतं. ऐन घाईनं उन्हात वाळवला की फाटतो आणि पिळतोही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं आपण माणसांबद्दल बोलतो. ऐनाच्या बाबतीत घर जागच्या जागी असताना वासे फिरतात. पण यावर उपाय आहेत आणि ते गुप्त नाहीत. पावसाळ्यानंतर तोडा, टोकांना डांबर किंवा मेण लावा, थरांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा, वर वजन ठेवा, आणि थांबा. घाईनं लाकूड बदनाम होतं, दोष झाडावर जातो.

आणि मग १९९३ साल आलं. त्या वर्षी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं. हेतू जंगल वाचवण्याचा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाडजूड भिंती कोसळल्या, आणि काही घरांत भिंती पडल्यावरही लाकडी खणांचा सांगाडा माळवदाचं ओझं डोक्यावर घेऊन उभा राहिला. या दोन बातम्या शेजारी ठेवून कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. बंदी उठली २०२० मध्ये. मधल्या काळात अभियंत्यांची एक अख्खी पिढी लाकडाची तुळई न काढता म्हातारी होत आली. लाकडाऐवजी जे आलं ते ॲल्युमिनियम, पीव्हीसी, आणि भिवंडीच्या गोदामांतून वाहणारा परदेशी पाइन. त्या पाइनच्या पॅलेटवर एक शिक्का असतो. त्याचा अर्थ ५६ अंश तापमान, तीस मिनिटं. म्हणजे आतला किडा मेला. लाकूड किती पेलेल याबद्दल त्या शिक्क्यात अक्षर नसतं, पण शिक्का आहे या भरवशावर लोक त्याचे माळे करतात, सोफे करतात, एके ठिकाणी तर मी जिनाही पाहिला. ऐनावर कुणी शिक्का मारलेला नाही, एवढंच त्याचं कमी. कायद्यात मात्र तो सागाच्या बरोबरीनं बसतो: १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं सागाला लागते तशी ऐनालाही तोडायला परवानगी लागते. सरकारदरबारी मान आहे, बाजारात पत नाही.

खरं काम दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयासारख्या ठिकाणी आणि बंगळुरूच्या लाकूड-विज्ञान संस्थेत व्हायचं आहे, होतही असेल. पण तिथला आकडा वखारीतल्या पाटीपर्यंत उतरत नाही तोवर त्याचा वाड्याच्या शेतकऱ्याला काय उपयोग? असाच एक शेतकरी मला भेटला. त्यानं बांधावर साग लावला आहे, पाणी घालून वाढवलेला, चांगला फोफावलेला. व्यापारी येऊन गेला आणि म्हणाला, पाण्यावरचा साग, पोचट, अर्धाच भाव. शेतकरी खट्टू झाला होता.

मला जे माहीत होतं ते मी त्याला सांगितलं. सागाच्या वर्षाच्या कड्यांत सुरुवातीला मोठी भोकं आणि मग दाट लाकूड असतं. अशा झाडांत भराभर वाढ झाली म्हणून लाकूड दुबळं होतं असं नाही, जलद वाढलेल्या सागाच्या चाचण्यांनी ही भीती बरीच पुसली आहे. व्यापाऱ्याचं अर्धं मात्र खरं. कोवळ्या झाडात गाभा थोडा, बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. पांढरं लाकूड मोडायला गाभ्याइतकंच कठीण असतं, खायला मात्र सोपं. भुंगा आणि वाळवी तिथूनच शिरतात.

“मग दादा, विरळणीची झाडं आहेत त्यांचं काय करू? परवानगी, हातोड्याची निशाणी, पास, एवढं सगळं करून जळणाला द्यायची?”

म्हटलं, घरातच वापर. कापल्यावर ओलं असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेव; पांढरं लाकूड ते चांगलं पितं, गाभा पीत नाही आणि त्याला गरजही नाही. मात्र पावसाच्या माऱ्यात ते औषध धुऊन जातं, तेव्हा उघड्यावर नको, कौलांखाली घाल.

त्यानं बायकोकडे बघितलं. तिला पडवी वाढवून हवी होती, हे एव्हाना माझ्याही लक्षात आलं होतं. वासे किती लागतील, कोणत्या अंतरावर, मधे ऐनाचा एक खांब दिला तर चालेल का, औषध कुठल्या दुकानात मिळतं आणि ते गुरांनी चाटलं तर काय, हे सगळं तिनंच विचारलं, आणि गुरांचा प्रश्न सोडून बाकी सगळ्यांची उत्तरं तिला आधीपासून ठाऊक असावीत अशा सुरात. निघताना त्यानं माझा नंबर लिहून घेतला आणि बजावून सांगितलं, की वाळवी लागली तर व्यापाऱ्याला नाही, मलाच फोन येईल.